जट, वस्तरा आणि पांढरे केस

गेली काही वर्षे रविवारच्या पुरवण्यांतून आणि स्त्रियांच्या मासिकांतून एक विषय पुनःपुन्हा येत आहे. स्त्रीने आपले केस कसे ठेवावेत, हा तो विषय. २०२० च्या टाळेबंदीत केशकर्तनालये आणि ब्यूटी पार्लर बंद पडली, आणि केस रंगवणाऱ्या पुष्कळ स्त्रियांना आपल्या केसांचा खरा रंग आरशात दिसला. त्यांतील काहींनी नंतर रंग लावलाच नाही. त्यांचे लेख मी वाचले. ते प्रामाणिक आहेत. पिकलेले केस ही शरमेची बाब नव्हे, कुरळे केस सरळ करून घेण्याची सक्ती का, माझे केस हा माझा प्रश्न आहे, असे त्यांचे म्हणणे. या म्हणण्याशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते या लेखांनी गृहीत धरलेल्या इतिहासाशी. या लेखनात स्त्रीच्या केसांचा इतिहास शांपूच्या जाहिरातीपासून सुरू होतो. फार तर मागे गेला तर केशवपनापर्यंत जातो आणि तिथे थांबतो. महाराष्ट्रातल्या निम्म्याअधिक बायकांची डोकी त्या इतिहासात नाहीतच.

केशवपनापासूनच सुरुवात करू. नवरा मेला की बाईचे केस काढायचे, आणि एकदा काढून भागत नाही, वाढले की पुन्हा काढायचे, मरेपर्यंत. ही चाल ब्राह्मणांत आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या जातींत होती. तिच्याविरुद्ध आगरकरांनी 'सुधारका'त लिहिले. त्याच्याही आधी, १८८२ मध्ये, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना'त बिनतोड सवाल टाकला होता, की बायको मेल्यावर पुरुष आपल्या दाढीमिशा काढून रानात का जाऊन बसत नाही. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' १८९० पासून 'करमणुकी'त क्रमशः येऊ लागली. यमूच्या सक्तीच्या वपनाचा प्रसंग वाचून मराठी वाचक रडला, आणि आजही आमच्या विद्यार्थिनी रडतात. मी तो प्रसंग वर्गात शिकवते, त्याची ताकद मला मान्य आहे. यमू स्वतःच्या तोंडून बोलते हे हरिभाऊंचे मोठे देणे आहे. त्या काळी पुरुष लेखकाने बाईच्या 'मी'त शिरणे सोपे नव्हते.

पण हे १८९० साल आणखी एका गोष्टीसाठी लक्षात ठेवले पाहिजे. त्याच वर्षी मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्याला आम्ही वस्तरा लावणार नाही असे त्यांनी ठरवले. लोखंडे जोतीरावांचे सहकारी, 'दीनबंधू'चे संपादक, गिरणी कामगारांचे पुढारी. त्या न्हाव्यांच्या निर्धाराची वार्ता लंडनपर्यंत गेली आणि तिकडच्या स्त्रियांनी त्यांचे अभिनंदन केले. आता हरिभाऊंची कादंबरी आणि ही सभा शेजारी ठेवून वाचा. कादंबरीत न्हावी येतो तो वस्तरा धरणारा हात म्हणून. त्याला मन आहे, तोही नकार देऊ शकतो, ही शक्यता कादंबरीच्या जगात नाही. बाहेरच्या जगात मात्र नेमके तेच घडत होते. ज्याच्या हातात वस्तरा होता त्याने तो खाली ठेवला. मराठी साहित्याच्या इतिहासात कादंबरीला प्रकरण मिळाले, सभेला तळटीपसुद्धा मुश्किलीने मिळाली. प्रस्थापित समीक्षेला अश्रू दिसतात, संप दिसत नाही.

इथे आपल्या माणसांनीही थोडे थांबून विचार करावा असे एक ठिकाण आहे. विधवेच्या डोक्यावर ज्याला वस्तरा चालवावा लागे, तोच गावचा न्हावी महारामांगाच्या डोक्याला हात लावत नसे. बलुतेदारीत त्याची पायरी खालची, पण आमच्यापेक्षा वरची. म्हणून महारवाड्यात, मांगवाड्यात माणसे एकमेकांची डोकी करत. कुणाच्या तरी घरात एक जुना वस्तरा असे, तोच फिरे. म्हणजे एकाच गावात, एकाच वस्तऱ्याने दोन अन्याय केले. एका बाईवर तो जबरदस्तीने चालला आणि दुसऱ्या वस्तीकडे तो वळलाच नाही. लोखंड्यांच्या सभेची थोरवी याने कमी होत नाही. जातीने छळलेला माणूस दुसऱ्या छळाला नकार देऊ शकतो हे त्या न्हाव्यांनी दाखवले, आणि तो नकार आणखी एक पायरी खाली उतरायला किती काळ लागला तेही आपण पाहिले.

आता दुसऱ्या डोक्याकडे वळतो. जिचे केस कापले गेले तिच्यासाठी साहित्य रडले. जिचे केस कापायला, विंचरायला, धुवायलाच बंदी होती तिचे काय? मी जटेविषयी बोलत आहे.

जट कशी होते हे ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगते. केसांना वेळेवर तेलपाणी नाही, फणी नाही, त्यात धूळ, घाम, उवा. केस एकमेकांत गुंततात. गुंता वेळीच सोडवला तर सुटतो. पण गुंता दिसल्यावर घरातली किंवा गल्लीतली कुणी म्हातारी म्हणते, 'देवीनं जट दिली, हात लावू नका.' मग फणी बंद होते. त्यावर हळद, भंडारा, तेल पडते आणि गुंत्याचा दोर होतो. पुढे तो मानेला ओढ लावतो, कूस बदलता येत नाही, पाणी आत राहून कुबट वास येतो, आत जखमा होतात. कापली तर रक्त येईल, नवरा मरेल, देवी कोपेल, ही धमकी पाठीशी असतेच. दक्षिण महाराष्ट्रात आणि सीमाभागात, सौंदत्तीच्या यल्लम्माच्या मुलखात, मुलीच्या डोक्यात आलेली जट म्हणजे तिला देवीला सोडण्याचा हुकूमच ठरे. आणि देवाला सोडायची पोर कुणाच्या घरची? त्याचे उत्तर मुख्यतः दलित वस्तीत आणि गरीब बहुजनांच्या घरात सापडते. आमच्या बागलाणात यल्लम्माचे नाव कमी ऐकू येते, पण जटेची भीती तीच आहे. बाजारात एखादी म्हातारी पदराखाली फडक्यात गुंडाळलेले ते ओझे घेऊन बसलेली दिसते आणि लोक तिच्याकडे बघून हात जोडतात. तिच्या मानेकडे कुणी बघत नाही.

निसर्गाच्या हवाली केलेले केस म्हणजे मोकळे केस, असे ज्यांना वाटते त्यांनी या म्हातारीसमोर उभे राहावे. तिच्या केसांना कुणी रंग लावलेला नाही, कुणी इस्त्री केलेली नाही. ते पूर्ण 'नैसर्गिक' आहेत, आणि ती कैदेत आहे. माझ्या सगळ्या विवेचनाचा मुद्दा एवढाच आहे, की केस काळे की पांढरे, आखूड की लांब, मोकळे की वेणीत, यावरून स्वातंत्र्य मोजता येत नाही. फणी कुणाच्या हातात आहे, वस्तरा कुणाच्या हातात आहे आणि नाही म्हणण्याची ताकद कुणाकडे आहे, यावरून ते मोजावे लागते.

साहित्याने जटेकडे पाहिले ते उशिरा, १९८० नंतर. राजन गवस यांची 'चौंडकं' १९८५ ची, उत्तम बंडू तुपे यांची 'झुलवा' १९८६ ची. गडहिंग्लजच्या बाजूला देवदासींच्या चळवळीने जी जमीन नांगरली होती तिच्यातून हे पीक आले, हे विसरू नये. लेखकाची प्रतिभा आभाळातून पडत नाही. या कादंबऱ्यांनी जोगतिणीला गूढ, भेसूर बाई राहू दिले नाही. तिला घर, भूक आणि व्यवहार दिला. २००९ साली राजीव पाटील यांनी गवसांच्या कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची 'दर्शन' ही कथा यांच्या आधारे 'जोगवा' चित्रपट काढला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, गाणी घरोघर गेली. सुलीच्या डोक्यात जट येते आणि तिचे आयुष्य संपवले जाते, ही सुरुवात चांगली घेतली आहे. पण पुढे चित्रपट सुली आणि तायप्पाच्या प्रेमाकडे वळतो, आणि जट ही कथेला गती देणारी युक्ती उरते. ती रोज कशी सोसायची, रात्री झोपायचे कसे, न्हायचे कसे, हे पडद्यावर फारसे येत नाही. प्रेक्षक त्यातील संगीत गुणगुणत बाहेर पडतो. मी हा चित्रपट वाईट म्हणत नाही. पण भंडाऱ्याची उधळण देखणी दिसते, आणि देखणेपणा हा अशा विषयाचा पहिला शत्रू आहे.

बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये (१९८६) असे देखणेपण शोधून सापडणार नाही. वीरगावच्या महारवाड्यातला आषाढ, त्यातले न्हाणे-माखणे, अंगात येणाऱ्या बाया, थोरला मुलगा पोतराज म्हणून देवीला सोडण्याची चाल, हे सगळे त्या आतून सांगतात आणि कसलीही सवलत देत नाहीत. आपल्याच माणसांच्या अज्ञानावर त्या संतापतात, पण त्या संतापात तुच्छता नाही. देवीच्या नावाने केस वाढवायचे, ते कापायचे नाहीत, ही सक्ती आमच्या वस्तीत पुरुषांवरही होती हे पोतराजाकडे पाहिले की कळते. पार्थ पोळके यांच्या 'आभरान'मध्ये पोतराजाच्या घरातले जगणे आले आहे, ते या संदर्भात पुन्हा वाचावे. धर्मांतरानंतर अनेक गावांत पोतराजांनी केस कापले, चाबूक टाकले. त्या कापलेल्या केसांविषयी कुणी प्रबंध लिहिला तर तो महाराष्ट्राच्या प्रबोधनाचा इतिहास होईल.

बाबासाहेबांनी हा प्रश्न नेमका ओळखला होता. महाडला डिसेंबर १९२७ मध्ये मनुस्मृतीचे दहन झाल्यावर स्त्रियांच्या सभेत ते लुगडे नेसण्याच्या पद्धतीविषयी, गळ्यातल्या-हातातल्या ओझ्यासारख्या दागिन्यांविषयी बोलले. अस्पृश्य म्हणून ओळखू यावे यासाठी अंगावर लादलेल्या खुणा टाकून द्या, असा त्याचा आशय होता. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये त्यांनी देवदासी, जोगतिणी, पोतराज, आराधी यांच्यासमोर भाषण केले आणि हे जिणे सोडा म्हणून सांगितले. त्यानंतर आमच्या आया-आज्यांनी केसांना तेल लावले, भांग पाडला, अंबाडा घातला, स्वच्छ पातळ नेसून सभांना गेल्या. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) या ग्रंथातून या बाया भेटतात. त्यांच्या त्या नीटनेटक्या अंबाड्याकडे मी एक राजकीय कृती म्हणून पाहते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. ही स्वच्छता, हा भांग, हा अंबाडा म्हणजे शेवटी उच्चवर्णीय बाईचे अनुकरणच नव्हे काय? आमच्या तरुण कार्यकर्त्या हा प्रश्न विचारतात, आणि तो रास्त आहे. त्या अमेरिकेतल्या काळ्या स्त्रियांचा दाखला देतात. तिकडे गोऱ्यांसारखे सरळ केस हीच सौंदर्याची कसोटी होती. १९६० च्या दशकात काळ्या तरुण-तरुणींनी केस सरळ करणे सोडले आणि आपले कुरळे, उभे केस अभिमानाने मिरवले. २०१९ मध्ये तर कॅलिफोर्निया राज्याला कायदा करावा लागला, की केसांच्या जातीवरून, वेणीवरून कुणाला शाळेत वा नोकरीत वेगळे वागवता येणार नाही. १९७२ साली दलित पँथरने नाव घेतले ते त्याच चळवळीकडे पाहून. मग त्यांचा हा धडा का घेऊ नये?

धडा घ्यावा, पण शब्दाला शब्द ठेवून घेऊ नये. काळ्या स्त्रीला सांगितले गेले की तुझे जन्माचे केस कुरूप आहेत, ते बदल. आमच्या बाईला सांगितले गेले की तुझे केस जसे आहेत तसेच राहू दे, त्याला फणी लावण्याचा तुला अधिकार नाही, तो गुंता हेच तुझे नशीब आणि हाच तुझा देव. तिला इस्त्री लादली गेली, आम्हाला फणी नाकारली गेली. म्हणून तिने फणी फेकणे हा जसा विद्रोह, तसा आम्ही फणी उचलणे हाही विद्रोहच. अँजेला डेव्हिस यांची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. त्यांनी तुरुंग सोसला, वर्णद्वेष आणि भांडवलशाहीविरुद्ध आयुष्यभर लिहिले, आणि पुढे १९९४ मध्ये त्यांनाच लिहावे लागले, की नवी पिढी आपल्याला केशरचना म्हणून ओळखते. राजकारण गळून गेले, केस तेवढे उरले. आमच्याकडे 'नैसर्गिक केसां'ची चर्चा जिथे चालली आहे तिथे हा धोका आतापासूनच दिसतो.

दरम्यान खरे काम वेगळ्याच ठिकाणी चालले आहे. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या नंदिनी जाधव यांनी पुण्यात आणि बाहेर जाऊन शेकडो बायांच्या जटा कापल्या आहेत. कात्री चालवायला वेळ लागत नाही. वेळ लागतो तो बोलण्याला, बाईच्या, तिच्या नवऱ्याच्या, सासूच्या मनातली भीती काढण्याला. बाई 'हो' म्हणाल्याशिवाय कात्री उचलायची नाही, ही त्या कामातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. २००५ चा देवदासी प्रथा निर्मूलन कायदा आहे, दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये झालेला जादूटोणाविरोधी कायदा आहे, पण कायद्याने जट सुटत नाही. तिच्या मानेमागे बसून कुणीतरी तासभर बोलावे लागते.

आता पांढऱ्या केसांविषयी. मराठीत अनुभवी पुरुष म्हणतो, 'आमचे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत.' या वाक्प्रचाराची मला नेहमी गंमत वाटते. पुरुषाच्या पिकल्या केसाला अधिकार आहे, बाईच्या पिकल्या केसाला फक्त वय आहे. आणि आमच्याकडे तर बायांचे केस खरोखर उन्हातच पांढरे होतात. नामपूर हे मोसम नदीच्या काठचे कांद्याचे गाव. कांदा लावणे, काढणे, पात कापणे, निवडून चाळीत भरणे, हे सगळे बायांच्या हातचे काम. त्यात दलित बाया आहेत, भिल्ल-कोकणा बाया आहेत, कोरडवाहू शेतकऱ्यांच्या बाया आहेत. डोक्याला फडके, वर ऊन, खाली मातीचा फुफाटा. त्यांना केसांच्या निवडीविषयी विचारले तर हसतील असे मला वाटले होते. त्या हसल्या नाहीत. एक पन्नाशीची बाई म्हणाली, "मॅडम, मी दर महिन्याला काळी मेंदी लावते. पांढरं डोकं दिसलं का मुकादम टोळीत घेत नाही. म्हणतो, म्हातारीला झेपणार नाही."

हे वाक्य मी पुरवणीतल्या कुठल्याही लेखात वाचलेले नाही. तिथे काळा रंग ही बाजारपेठेने लादलेली शरम आहे. इथे तो रोजंदारीचा परवाना आहे. किराणा दुकानात दहा-वीस रुपयांच्या पुड्यांत जी 'काळी मेंदी' मिळते ती बहुधा मेंदी नसते. तिला काळेपणा येतो तो पॅराफिनिलिनडायमिन नावाच्या रसायनाने, आणि त्याने कित्येकींच्या डोक्याला खाज सुटते, कपाळ सुजते, डोळे मिटतात. ती बाई तेही सोसते, कारण कांदा काढणीचा हंगाम दीड-दोन महिन्यांचा असतो आणि त्या मजुरीवर पुढचे वर्ष काढायचे असते. तिला 'पांढरे केस अभिमानाने मिरवा' असे सांगणाऱ्या लेखिकेने आधी तिच्या मुकादमाशी भांडायला यावे.

मी स्वतः रंग लावत नाही. माझे केस तिशीतच पिकू लागले, आईचेही तसेच. आमच्या घरातली पदवी घेतलेली मी पहिली. शिक्षकांच्या खोलीत सहकारी बायका आपुलकीने सुचवतात, पुरुष सहकारी विनोद करतात, आणि लग्नाच्या बैठकीत पाहुणे डोक्याकडे पाहतात. मला हे सोसते, कारण पहिल्या तारखेला माझा पगार बँकेत जमा होतो. म्हणून माझ्या पांढऱ्या केसांचा मला फार अभिमान वाटत नाही. ते ठेवण्याची ऐपत मला पगाराने दिली आहे, आणि पगार चळवळीने मिळवून दिलेल्या शिक्षणाने. आई मात्र माझ्या वयाची असताना फडक्याखाली केस झाकून कांद्यात जात असे.

विद्यार्थिनींचे जग आणखी निराळे आहे. शाळेत असेपर्यंत तेल चोपडून दोन वेण्या आणि रिबिनी ही सक्ती. कॉलेजात आल्या की पहिली गोष्ट म्हणजे वेणी सोडायची, आणि चार पैसे साठले की केस सरळ करून घ्यायचे. त्यांना दोष देणारे पुष्कळ आहेत. मला त्यांच्या त्या मोकळ्या केसांत शाळेच्या रिबिनीविषयीचा राग दिसतो. पण सगळ्यांचे केस शेवटी एकाच जाहिरातीतल्या मुलीसारखे दिसू लागतात हेही दिसते. कुरळ्या केसांच्या एका मुलीने मला विचारले, "मॅडम, आमच्यासारख्या केसांची नायिका कुठल्या पुस्तकात आहे?" मी तिला 'जिणं आमुचं' दिले. तिने ते वाचले, परत आणून दिले आणि म्हणाली, "यात आज्या आहेत. आमच्या वयाची कुणी?"

समीक्षकाने लेखकांकडे मागण्या करू नयेत असा संकेत आहे. तो मी मोडते. केशवपनावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले, जटेवर थोडे. गावच्या न्हाव्याने आपल्या डोक्याला हात लावला नाही, हे आमच्या आत्मकथनांत येते पण एखाद्या ओळीत येऊन जाते. पोतराजाने केस कापले त्या दिवशी घरात काय घडले, आईने त्या केसांचे काय केले, याची कथा हवी. आणि कांद्याच्या चाळीसमोर पहाटे टोळी निवडली जात असताना आदल्या रात्री काळी मेंदी लावून सुजलेल्या कपाळाने रांगेत उभी असलेली बाई अजून कुठल्याच मराठी कादंबरीत मला भेटलेली नाही.